‘तेवढंच काम राहिलंय’ म्हणून घेतलेली गाडी

जालन्यात राहून लोखंडात फसलो, हे सांगायचीच लाज वाटते. रोलिंग मिलमध्ये सतरा वर्षं काढली, सळई नुसती बघून किती एमएमची ते सांगतो, असा माझा तोरा. तरी लिहितोय, कारण ज्याने मला गंडा घातला त्याच्या शेडमध्ये गाड्यांचे असेच आणखी दोन सांगाडे उभे होते.

लोटस सेव्हन ही 1957 सालची इंग्लिश गाडी. दोन सीटा, छप्पर नाही, खाली पाइपांचा सांगाडा. सुटे भाग घ्यायचे आणि घरी जोडायची, अशीही ती विकली जायची. 1973 पासून केटरहॅम नावाची कंपनी ती बनवते. कॉलेजात तिचा फोटो पाहिला तेव्हापासून ती डोक्यातून गेली नाही. गेल्या दिवाळीत कळलं, वाळूजकडे तसलीच एक अर्धवट गाडी विकायची आहे. इंजिन, गिअरबॉक्स, मागचा अ‍ॅक्सल सगळं मारुती ओम्नी व्हॅनचं, 796 सीसी. ओम्नीतही लोटससारखीच ओढ मागच्या चाकांना असते, म्हणून हे जमतं. वर फायबरची लाल बॉडी.

“ऐंशी टक्के झालीय भाऊ. वायरिंग, ब्रेकचे पाइप, सीटा. तेवढंच काम राहिलंय.”

आता नीट ऐका, कारण सगळी मेख इथं आहे. मी बोट ठेवेन तिथं विकणाऱ्याचं उत्तर तयार. स्टेअरिंग एका बाजूला अडतंय? राहिलेलंच काम आहे ते. पुढचं एक चाक आत गेल्यासारखं दिसतंय? अलाइनमेंट व्हायचंय. इंजिन चालू करून दाखवा? वायरिंग नाही ना अजून. पूर्ण गाडीत हीच खोट दिसली असती तर मी उठून आलो असतो. अर्धवट वस्तूत खोट दिसतच नाही, ‘काम’ दिसतं. वर बायकोला मीच समजावलं, “अगं, ऐंशी टक्के झालेली मिळतेय!”

सव्वा लाखात ठरलं. दहा हजार टोकन फोनवरून पाठवलं, बाकीचे रोख मागितले, दिले. बाँड झाला. आयशरमध्ये घालून गाडी घरी आणली, गल्लीतली पोरं मागे पळत आली.

ब्रेकचे पाइप बसवायला ओळखीच्या वेल्डिंगवाल्या चाचांना बोलावलं. क्लिपसाठी त्यांनी सांगाड्याच्या पाइपाला ड्रिल टेकवलं आणि ते पापडात घुसावं तसं आत गेलं. चाचा थांबले. जाडी मोजायला मिलमधून आणलेला व्हर्नियर मी छिद्राच्या कडेला लावला, 0.9 मिलिमीटर. म्हणजे 20 गेज. मला 16 गेज सांगितलं होतं, 1.6 मिलिमीटर. मग चाचांनी जोडावर ग्राइंडर फिरवला. ठिणग्या उडाल्याच नाहीत, पांढरी भुकटी उडाली.

“बेटा, वेल्डिंग कुठंय? ही तर लांबीय.”

लांबी, म्हणजे खड्डे बुजवायची पुट्टी, खरवडली तर खाली प्रत्येक जोडाला वेल्डिंगचे तीन-चार टाके, बस. वर लांबी, तिच्यावर काळा रंग. शेडमध्ये खिशातून साधं लोहचुंबक काढून जोडावर लावलं असतं तरी कळलं असतं. टेप लावून सांगाड्याचे दोन्ही कर्ण मोजले, ते सारखे हवेत, तर दोन सेंटिमीटरचा फरक. ते आत गेलेलं चाक कुठलंही अलाइनमेंट सरळ करणार नव्हतं.

कागदांची गोष्ट याहून वाईट. आरसी 2004 च्या ओम्नीची, पंधरा वर्षं उलटलेली. “रिन्यू करून घ्या, झालं,” असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. पण ओम्नीला वेगळी चासी, म्हणजे खालचा सांगाडा, नसते, नंबर बॉडीच्या पत्र्यावरच ठोकलेला असतो. या पठ्ठ्याने नंबरचा तेवढा तुकडा कापून नव्या सांगाड्याला चिकटवला होता! ओळखीच्या एका एजंटने फोटो पाहिला आणि फोन परत देत म्हणाला, “हे घेऊन आरटीओत जाऊ नका, तुम्हीच आत जाल.” मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचलं तेव्हा डोळे उघडले. कंपनीने केलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी चालत नाही, 2019 साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितलं. इंग्लंडात घरी जोडलेल्या एकेका गाडीची तपासणी होऊन तिला नंबर मिळतो. आपल्याकडे प्रोटोटाइप, म्हणजे नमुन्याची पहिली गाडी, एआरएआयसारख्या गाड्या तपासणाऱ्या संस्थेतून पास करून घ्यावा लागतो, तो कंपन्यांचा खर्च. म्हणजे सांगाडा दणकट असता तरी गाडी माझ्या अंगणापुरतीच होती. हे पैसे देण्याआधी अर्ध्या तासात कळण्यासारखं होतं.

विकणाऱ्याला फोन केला तर आधी “बघू”, मग “बाँड वाचा”. वाचला. ‘आहे त्या स्थितीत, पाहून व पसंत करून.’ पोलीस ठाण्यात साहेबांनी त्याच ओळीवर बोट ठेवलं. रोखीचा पुरावा काय? माझ्याकडे फक्त दहा हजारांचा स्क्रीनशॉट. अर्ज दिलाय, नंबरचा तो तुकडाही जमा केलाय. पुढे काही हललेलं नाही.

इंजिन एका गॅरेजवाल्याने नेलं, अठरा हजारांत. सांगाडा भंगारात घातला. काट्यावर 61 किलो भरला. भंगारवाल्याने जोडांवर नखाने टकटक केली आणि लांबीचे म्हणून दोन किलो कापले.