प्राग की व्हिएन्ना? आधी गुडघ्यांना विचारा

मध्य युरोपच्या सहलीत एकच मोकळा दिवस उरलाय आणि तो पायी भटकण्यात घालवायचाय. मग प्राग की व्हिएन्ना? व्हिसा दोन्हीकडे शेंगेनचाच, आणि रेल्वेने अंतर साधारण चार तासांचं. त्यामुळे एका दिवसात दोन्ही उरकायचा बेत असेल तर तो आत्ताच सोडा, दिवस डब्यातच जाईल.

जास्त देखणं कोणतं, या वादात मी पडत नाही. चालणाऱ्यासाठी खरा फरक पायाखाली आहे. जुनं व्हिएन्ना जवळजवळ सपाट आहे. प्राग नदीच्या दोन्ही काठांवर पसरलेलं, किल्ला टेकडीवर, आणि गल्लोगल्ली छोट्या चौकोनी दगडांची फरसबंदी. पाऊस पडला की ती निसरडी होते आणि पातळ तळव्यांच्या चपलेतून प्रत्येक दगड मोजता येतो. (शाळेतल्या बुटांमुळे आपल्याला घरचंच वाटणारं बाटा मूळचं याच चेक देशातलं, हे तिथे हटकून आठवतं.)

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सगळे करतात तेच केलं. आईला घेऊन चार्ल्स पुलावरून किल्ल्याकडे चढत निघालो. नेरुदोवा रस्त्याच्या मध्यावर आई एका दाराच्या पायरीवर बसली. म्हणाली, "तू जाऊन ये, मी इथंच आहे."

म्हणून प्राग निवडलंत तर ते उतरत पाहा. सकाळी लवकर, सहा-सातच्या सुमाराला आधी पूल गाठा. 1357 मध्ये चौथ्या चार्ल्सच्या काळात काम सुरू झालेला हा पूल 516 मीटर लांब आहे, दोन्ही कठड्यांवर मिळून तीस पुतळे. त्यातले बरेच आता प्रतिकृती आहेत, पण धुक्यात ते कळत नाही. दहानंतर याच पुलावर गर्दीतून वाट काढावी लागते. पूल ओलांडून 22 नंबरची ट्राम धरा आणि थेट वर पोहोर्झेलेत्सला उतरा. तिथून किल्ला, किल्ल्यातलं संत व्हिटसचं कॅथेड्रल (1344 ला पाया घातला, पूर्ण झालं 1929 मध्ये, आपल्याकडच्या रखडलेल्या पुलांना जरा धीर येईल), आणि मग नेरुदोवाचा उतार. या रस्त्यावरच्या घरांच्या दारांवर मान वर करून बघा. कुठे दोन सूर्य, कुठे तीन व्हायोलिनं. घरांना क्रमांक नव्हते तेव्हा हेच पत्ते होते. क्रमांक आले 1770 च्या सुमाराला, तेव्हा प्रागवरही राज्य करणाऱ्या मारिया थेरेसा राणीच्या हुकमाने, म्हणजे व्हिएन्नाहून.

व्हिएन्नाचा हात प्रागमध्ये आणखी एका जागी दिसतो. जुन्या चौकात, 1410 च्या खगोलीय घड्याळासमोर दर तासाला माना उंचावून लोक उभे असतात. त्याच नगरभवनाच्या भिंतीलगत जमिनीत 27 पांढरे क्रूस जडवलेले आहेत. व्हिएन्नाच्या हाब्सबुर्ग राजघराण्याविरुद्ध उठलेल्या 27 जणांना 1621 मध्ये तिथे देहदंड दिला. घड्याळातल्या बाहुल्यांची फेरी मिनिटभरात संपते. मला विचाराल तर तिच्यापेक्षा हे क्रूस जास्त वेळ बघण्यासारखे.

व्हिएन्ना हे ज्यांनी तो दंड दिला त्यांचं शहर, आणि ते राजधानीसारखंच ऐसपैस आहे. ऑपेरापासून निघालात की हॉफबुर्ग राजवाडा, कोलमार्क्ट, ग्राबेन, संत स्टीफनचं कॅथेड्रल असा पट्टा रमतगमत दोन तासांत होतो. ग्राबेन म्हणजे खंदक. रोमन छावणीचा खंदक बुजवून हा झगमगीत रस्ता झाला. मिखाएलरप्लाट्झ चौकाच्या मधोमध खाली उकरलेले रोमन अवशेष उघडेच ठेवलेत. कॅथेड्रलच्या दक्षिण मनोऱ्याला 343 पायऱ्या आहेत, उत्तर मनोऱ्याला लिफ्ट. व्हिएन्नाचा स्वभाव इथेच कळतो. दमलात तर बाक आहे, बागेत सावली आहे, रस्त्यावरच्या नळाला थेट आल्प्समधून येणारं पाणी आहे. ती जलवाहिनी 1873 ची. आणि कॉफीहाऊस आहे, जिथे एका कपावर दोन तास वर्तमानपत्र वाचत बसलात तरी कुणी "अजून काही?" म्हणून उठवत नाही. शहराची तटबंदी पाडून केलेला रिंग रस्ता मात्र पूर्ण चालायच्या फंदात पडू नका. पाच किलोमीटरहून जास्त आहे. ट्राममधून पाहिला तरी काही चुकत नाही.

उणी बाजू अशी की व्हिएन्नात वाट चुकायची मजा कमी. तिथलं उत्तमातलं उत्तम बरंचसं संग्रहालयांच्या आत आहे, आणि आत शिरलात की चालण्याचा दिवस संपला. प्रागमध्ये तिकीट न काढताही दिवस भरून जातो.

खाण्याचं थोडक्यात. शाकाहारी माणसाचं व्हिएन्नात बरं चालतं. प्रागमध्ये तळलेलं चीज आणि बटाटे यांच्यावर भिस्त. चौकाचौकात ‘प्राचीन चेक मिठाई’ म्हणून विकतात ते साखरेत घोळवलेलं त्रदेल्निक अजिबात प्राचीन नाही, गरम असताना चांगलं लागतं इतकंच. प्रागमध्ये युरो नाही, कोरुना चालतात. चौकातल्या मनी एक्स्चेंजपेक्षा कार्ड बरं.

तेव्हा आईबाबा, लहान मूल किंवा कुरकुरणारा गुडघा सोबत असेल तर बेलाशक व्हिएन्ना. एकटे किंवा दोघंच असाल आणि पहाटे उठायची तयारी असेल तर प्राग. पहाटे उठणं होणार नसेल, तर भर दुपारच्या प्रागपेक्षा मी व्हिएन्नाच घेईन.

एक राहिलंच. रविवारी व्हिएन्नातली बहुतेक दुकानं बंद असतात. सोबतच्या मंडळींना खरेदी करायची असेल तर हे आधी सांगून ठेवा. किंवा सांगूच नका.