लिमिने बूटलोडर : कर्नलच्या हाती मेमरी सोपवण्याच्या कामाचे परीक्षण

बूटलोडर म्हणजे यंत्र सुरू होताना कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, मेमरीत आणून चालू करणारा प्रोग्राम. त्याची पारख बहुधा त्याच्या मेनूवरून केली जाते. पार्श्वभूमीला चित्र लावता येते का, विंडोज आणि लिनक्स दोन्ही यादीत दिसतात का, निवडीसाठी किती सेकंद मिळतात, एवढे पाहून लोक मत बनवतात. स्वतःचा कर्नल लिहू पाहणाऱ्याला मात्र यातल्या कशाशीच फारसे देणेघेणे नसते. कर्नलची पहिली सूचना चालेल त्या क्षणी मेमरी कोणत्या अवस्थेत असेल, आणि तिच्याविषयी हाती आलेल्या माहितीवर कितपत विसंबता येईल, हा त्याचा खरा प्रश्न असतो. लिमिनेचे हे परीक्षण याच कसोटीवर केले आहे. मत आधीच सांगून टाकतो : या कामात त्याच्याइतके नेटके दुसरे साधन माझ्या पाहण्यात नाही, मात्र या नेटकेपणाला जोडलेल्या अटी ज्याने नीट वाचल्या नाहीत, त्याची तो ऐनवेळी फजिती करतो.

लिमिने विनामूल्य असून त्याचा स्रोत बीएसडी परवान्याखाली खुला आहे. इंटेल-एएमडी घराण्याबरोबरच एआरएम, रिस्क-फाइव्ह आणि लूंगआर्च या ६४-बिट प्रोसेसरांवर तो चालतो. इंटेल-एएमडी यंत्रांवर जुने बायोस आणि नवे यूईएफआय ही दोन्ही फर्मवेअरे, म्हणजे यंत्र चालू होताच सर्वांत आधी चालणारी अंगभूत सॉफ्टवेअरे, त्याला चालतात. कर्नलकडे ताबा देण्याच्या लिनक्स, मल्टिबूट १ आणि २ या ठरलेल्या पद्धतींखेरीज त्याचा स्वतःचा ‘लिमिने प्रोटोकॉल’ आहे, आणि खरी गंमत त्यातच आहे.

फर्मवेअर मेमरीविषयी काय सांगते, ते आधी पाहावे लागेल. क्यूएमू या एम्युलेटरला (सॉफ्टवेअरमधल्या आभासी यंत्राला) १२८ मेगाबाइट मेमरी देऊन बायोसच्या ई८२० सेवेकडे यादी मागितली, तर पहिली नोंद सांगते की सुरुवातीपासून ६३९ किलोबाइटपर्यंतची जागा वापरण्याजोगी आहे. त्यापुढचा एक किलोबाइट राखीव असतो. मग एकदम ९६० किलोबाइटपासून १ मेगाबाइटपर्यंतचा पट्टा राखीव म्हणून येतो, म्हणजे मधल्या ३२० किलोबाइटांबद्दल यादी चकार शब्द काढत नाही. नोंद नसणे म्हणजे परवानगी नव्हे, हे नवशिक्याला इथे कोणी सांगत नाही, आणि तो नेमका व्हीजीएच्या, म्हणजे पडद्याच्या, मेमरीवर आपला डेटा लिहून बसतो. पुढे १ मेगाबाइटपासून मोठा मोकळा पट्टा, त्याच्या टोकाला १२८ किलोबाइट पुन्हा राखीव, आणि ४ गिगाबाइटच्या सीमेखाली रॉमचा तुकडा. हे एम्युलेटरचे सरळसाधे चित्र झाले. प्रत्यक्ष यंत्रांवर नोंदी उलटसुलट क्रमाने येऊ शकतात, एकमेकींवर चढलेल्या असू शकतात, आणि चार किलोबाइटांच्या पानाच्या (प्रोसेसर मेमरी ज्या तुकड्यांत हाताळतो त्यातल्या एका तुकड्याच्या) हद्दीशी त्या जुळतीलच असे नाही.

यूईएफआयची तऱ्हा वेगळी आहे. तिथे मेमरीची यादी मागितली की तिच्यासोबत एक किल्ली मिळते, आणि फर्मवेअरचा निरोप घेताना तीच किल्ली परत दाखवावी लागते. दरम्यान यादीत काहीही बदल झाला असेल तर किल्ली बाद होते. यादी साठवण्यासाठी जागा मागणे हाच एक बदल असल्यामुळे, यादी आणल्यावर आणखी थोडी मेमरी घेणारा साधासा कोड निरोपाच्या पायरीवर अडकतो. मग यादी पुन्हा आणून पुन्हा प्रयत्न करावा लागतो. शिवाय एका नोंदीचा आकार मानकातल्या रचनेप्रमाणे ४० बाइट भरतो, पण पुष्कळ फर्मवेअर ४८ बाइटांच्या टप्प्याने नोंदी देते. जो आपल्या रचनेचा आकार गृहीत धरून पुढे सरकतो, त्याला दुसऱ्या नोंदीपासून निव्वळ कचरा वाचायला मिळतो.

लिमिने हा सगळा गुंता स्वतःकडे घेतो आणि कर्नलला एकाच नमुन्याची यादी देतो, मग खाली बायोस असो की यूईएफआय. नोंदी पत्त्याच्या चढत्या क्रमाने लावलेल्या असतात. ‘वापरण्याजोगी’ आणि ‘बूटलोडरकडून परत मिळण्याजोगी’ या दोन प्रकारच्या नोंदी ४०९६ बाइटांच्या हद्दीवर सुरू होतात, तिथेच संपतात, आणि कोणत्याही नोंदीवर चढत नाहीत, अशी लेखी हमी प्रोटोकॉलमध्ये आहे. अगदी पहिले चार किलोबाइट तो कधीच वापरण्याजोगे म्हणून दाखवत नाही, त्यामुळे शून्य पत्ता चुकून कोणाला वाटला जाण्याची धास्ती राहत नाही. वरच्या उदाहरणातल्या ६३९ किलोबाइटांची हद्द या हमीमुळे ६३६ वर येते. तीन किलोबाइट गेले, पण डोकेदुखीही गेली. इतर प्रकारच्या नोंदींना मात्र ही हमी लागू नाही, हे कलम बरेच जण वाचतच नाहीत.

ग्रब या लिनक्सवर सर्रास दिसणाऱ्या बूटलोडरशी तुलना केल्यावर फरक ठळक होतो. मल्टिबूटच्या मार्गाने ग्रब कर्नलला ३२-बिट प्रोटेक्टेड मोडमध्ये, पेजिंग (आभासी पत्ते भौतिक पत्त्यांवर बसवणारी यंत्रणा) बंद ठेवून सोडतो. तिथून ६४-बिटपर्यंतची वाट, म्हणजे पेज टेबल (पेजिंगचे पत्त्यांचे कोष्टक) बांधणे, पीएई (मोठ्या पत्त्यांची सोय) लावणे, लाँग मोडचा (६४-बिट मोडचा) बिट चढवणे, पेजिंग सुरू करणे आणि नव्या जीडीटीवर (मेमरीच्या विभागांच्या कोष्टकावर) उडी मारणे, हे सारे असेंब्लीत स्वतः लिहावे लागते. त्याहून त्रासाची गोष्ट अशी की मल्टिबूटच्या यादीत जी मेमरी मोकळी दिसते, तिच्यातच कर्नल स्वतः, त्याची मोड्यूले (त्याच्यासोबत मेमरीत आणलेल्या फाइली) आणि ती यादी ठेवलेली रचनाही बसलेली असू शकते. ती वजा करण्याची जबाबदारी कर्नलची. लिमिने कर्नल आणि मोड्यूलांसाठी वेगळा प्रकार ठेवतो, फ्रेमबफरसाठी (पडद्यावरच्या चित्राच्या मेमरीसाठी) वेगळा, आणि स्वतःने अडवलेल्या जागेसाठी आणखी वेगळा. कोणता तुकडा कोणाच्या नावावर आहे हे सातबाऱ्यासारखे लिहूनच मिळते.

लिमिने प्रोटोकॉलने सुरू झालेला कर्नल थेट ६४-बिट मोडमध्ये, पेजिंग सुरू असताना, पत्त्यांच्या अवकाशाच्या सर्वांत वरच्या २ गिगाबाइटमध्ये जागा होतो. इंटरप्ट बंद असतात, किमान ६४ किलोबाइटचा स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती माहिती ठेवण्याची जागा) तयार असतो, आणि ‘हायर हाफ डायरेक्ट मॅप’ मांडलेला असतो. या मॅपमुळे भौतिक पत्त्यात एक ठरलेली संख्या मिळवली की आभासी पत्ता मिळतो. त्याची सोय पहिल्या तासातच कळते. १२८ मेगाबाइटांची ३२,७६८ पाने होतात. दर पानाला एक बिट धरला तर सगळा हिशेब ४,०९६ बाइटांत, म्हणजे नेमक्या एका पानात मावतो. यादीतली पहिली पुरेशी मोकळी नोंद शोधायची, ती संख्या मिळवायची आणि तिथे बिटमॅप लिहायला घ्यायचा. पान वाटणारा पहिला कोड शंभरएक ओळींच्या आत उभा राहतो.

आता तक्रारी. पहिली आणि मोठी तक्रार ‘परत मिळण्याजोग्या’ मेमरीची आहे. नावावरून ती लगेच घेता येईल असे वाटते, पण कर्नल ज्या स्टॅकवर उभा आहे तो, चालू पेज टेबले, जीडीटी, आणि ज्या यादीवरून आपण हा हिशेब करतो ती यादीसुद्धा त्याच मेमरीत असते. आपली पेज टेबले, आपली जीडीटी आणि आपला स्टॅक लावून, लिमिनेने दिलेल्या आणि पुढे लागणाऱ्या उत्तरांच्या (मेमरीच्या यादीसारख्या माहितीच्या) प्रती काढल्याशिवाय तिला हात लावायचा नसतो. लिमिनेने इतर कोअर जागे करून दिले असतील, तर तेही तोवर त्याच मेमरीवर थांबलेले असतात, हे विसरणाऱ्याचा कर्नल एका कोअरवर सुरळीत चालतो आणि चार कोअर दिले की भलत्याच ठिकाणी कोसळतो.

दुसरी तक्रार बदलांच्या वेगाची. प्रोटोकॉलला ‘पायाभूत आवृत्ती’ असते आणि कर्नल ती मागून घेतो. आवृत्ती ० मध्ये पहिले ४ गिगाबाइट सरसकट मॅप केलेले असत, भौतिक पत्ता जसाच्या तसा वापरला तरी चालून जाई. आवृत्ती १ मध्ये ती जशीच्या तशी मांडणी गेली. आवृत्ती ३ मध्ये डायरेक्ट मॅपही आखडला : मोकळी मेमरी, परत मिळण्याजोगी मेमरी, कर्नल-मोड्यूले आणि फ्रेमबफर एवढेच त्यात येते. एसीपीआयची (यंत्रातल्या हार्डवेअरचे वर्णन करणारी) टेबले किंवा लोकल एपिकची (प्रोसेसरच्या इंटरप्ट-नियंत्रकाची) रजिस्टरे वाचायची तर आधी स्वतः मॅप करा. तत्त्व म्हणून हे योग्यच आहे, कारण उपकरणांचे पत्ते साध्या मेमरीप्रमाणे कॅशसकट मॅप होणे धोक्याचे असते. पण जुन्या धड्यावरून शिकलेला विद्यार्थी फक्त आवृत्तीचा आकडा वाढवतो आणि आरएसडीपी (एसीपीआय टेबलांचा ठावठिकाणा सांगणारी रचना) वाचताना पेज फॉल्ट, म्हणजे मॅप नसलेला पत्ता वाचल्याची चूक, खातो. तेवढ्या वेळात त्याने फॉल्ट हाताळणारा कोड लावलेला नसेल, तर यंत्र काहीही न बोलता रीसेट होते. अशा वेळी क्यूएमूच्या मॉनिटरमधली मॅपिंग दाखवणारी आज्ञा उपयोगी पडते : जो पत्ता वाचला तो यादीत आहे की नाही, एवढे पाहिले तरी कारण कळते.

फाइल सिस्टिमच्या बाबतीतही त्याने हात आवरता घेतला आहे. फॅट आणि आयएसओ ९६६० सोडून तो काही वाचत नाही. एक्स्ट४ वाचण्याची सोय पूर्वी होती, ती काढून टाकली. ग्रब याबाबत कितीतरी उदार आहे. केवळ लिनक्स चालवणाऱ्याला लिमिनेच्या मेमरी-तयारीचा लाभही नाही, कारण लिनक्स यूईएफआयवर ते काम आपल्या स्टबमधून (कर्नलला जोडलेल्या सुरुवातीच्या छोट्या कोडमधून) स्वतःच उरकतो. त्याच्यासाठी लिमिने म्हणजे एक हलका, झटपट मेनू.

कर्नल लिहायला घेणाऱ्याला मात्र मी लिमिनेच सुचवीन, आणि सुरुवात आवृत्ती ३ किंवा त्यानंतरच्या आवृत्तीपासून करायला सांगेन. सी भाषेतला तयार साचा प्रकल्पाकडूनच मिळतो. तो बांधून झाल्यावर, पडद्यावर अक्षर उमटवण्याच्या मोहात न पडता, आधी मेमरीची यादी सीरियल पोर्टवर छापून घ्यावी, आणि तोच कर्नल एकदा बायोसवर व एकदा यूईएफआयवर चालवून दोन्ही याद्या शेजारी ठेवून पाहाव्यात.