ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह घरी स्कॅन करायच्या आहेत: फ्लॅटबेड (सपाट काचेचा) स्कॅनर घ्यावा की कॅमेऱ्यानेच काढाव्यात?

आधी पट्टी घेऊन निगेटिव्ह मोजा, मग दुकानात जा. आमच्याकडच्या ट्रंकांतून बहुतेक दोनच तऱ्हा निघतात. एक, आग्फा क्लिक थ्रीसारख्या कॅमेऱ्यातल्या 120 रोलच्या, साधारण 56 मिमीच्या चौकोनी, एका रोलला बारा. दुसरी, 35 मिमीच्या पट्ट्या, दोन्ही काठांना भोकं आणि चित्र 24 बाय 36 मिमीचं. हिंगणघाटजवळच्या आमच्या घरी दोन्ही निघाल्या, म्हणून मला दोन्ही उद्योग करावे लागले. माझं मत सांगून टाकतो: चौकोनी जास्त असतील तर फ्लॅटबेड, पट्ट्या जास्त असतील तर कॅमेरा.

कारण साधा हिशेब. घरगुती फ्लॅटबेडच्या खोक्यावर 6400 डीपीआय (इंचाला इतके ठिपके) छापलेलं असतं; खरा तपशील उदार होऊन दोन हजारांचा धरा. तेवढ्यात 35 मिमीची फ्रेम जेमतेम 2800 बाय 1900 पिक्सेलची होते, म्हणजे 300 डीपीआयने नऊ-साडेनऊ इंच लांबीची प्रिंट. चौकोनी निगेटिव्ह मात्र त्याच मशीनवर 4400 पिक्सेल देते, चौदा इंचांचा चौकोन आरामात. 24 मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि 1:1 मॅक्रो लेन्स (अगदी जवळून, खऱ्या आकारात टिपणारी) असेल तर 35 मिमीची तीच फ्रेम जवळपास 6000 बाय 4000 पिक्सेलची मिळते.

फ्लॅटबेड घेताना एक फसगत टाळा. कागदपत्रं स्कॅन करणारं ऑल-इन-वन मशीन इथे कामाचं नाही. झाकणातून उजेड पडणारा, फिल्मचा होल्डर असलेलाच स्कॅनर लागतो. धूळ आपोआप पुसणारी इन्फ्रारेडची सोय बघून जास्त पैसेही मोजू नका. कृष्णधवल फिल्ममधली चांदीच इन्फ्रारेड अडवते, त्यामुळे मशीनला चित्र आणि कचरा यांतला फरक कळत नाही. मी ती सोय चालू ठेवली आणि पोळ्याच्या फोटोतल्या बैलाची शिंगं अर्धी खाल्ली गेली! रंगीत रसायनात धुतल्या जाणाऱ्या एक्सपी2 सारख्या फिल्मवर ती चालते, पण जुन्या ट्रंकेत ती कुठून असणार?

म्हणजे धूळ हातानेच काढायची. इथे आपला मुलूख आडवा येतो. दिवाळीनंतर जिनिंग सुरू झालं की हवेत रुईचे तंतू, उन्हाळ्यात कूलर. कूलर चालू ठेवून निगेटिव्हला हात लावू नका. त्याच्या वाऱ्याने धूळ उडते, ताटीचं कुसळ येऊन चिकटतं, आणि कॅमेरा स्टँडवर असेल तर टेबल थरथरून फोटो हलतो तो वेगळाच. फुंकरही मारू नका, थुंकी उडते. रबरी ब्लोअर घ्या. बुरशी धरली असेल तर पाणी अजिबात नाही, कारण बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं.

मे महिन्याच्या कोरड्या हवेत निगेटिव्ह पन्हाळीसारखी वळते. ती स्कॅनरच्या काचेला टेकली की तेलाच्या तवंगासारखी वर्तुळं उमटतात. बटर पेपरात घालून जाड पुस्तकाखाली आठवडाभर दाबा आणि होल्डरमध्येच ठेवा, काचेवर नाही.

कॅमेऱ्याचा गावातला मोठा फायदा म्हणजे लाइन गेली तरी काम थांबत नाही. निगेटिव्हच्या खालून उजेड देणारं एलईडी पॅनल पॉवर बँकेवर चालतं. स्कॅनर मात्र मध्येच बंद पडला की ती फ्रेम पहिल्यापासून. लेन्स विकत घेण्याआधी ओळखीच्या लग्नाच्या फोटोग्राफरला विचारा. चातुर्मासात त्याचं सामान रिकामं असतं. पावसाने हवेतली धूळही तेव्हा बसलेली असते. फक्त सादळलेली निगेटिव्ह प्लॅस्टिकला चिकटते, म्हणून काम झाल्यावर कागदी पाकिटात ठेवा.

निगेटिव्ह पॅनलला टेकवू नका, दोन बोटं वर धरा, नाहीतर पॅनलवरचा कचराही येतो. आयएसओ 100, एफ/8, रॉ फाइल (कॅमेऱ्याची कच्ची, न दाबलेली फाइल), खोलीत अंधार. एक कोपरा पुसट येत असेल तर कॅमेरा तिरका आहे. निगेटिव्हच्या जागी छोटा आरसा सपाट ठेवा आणि स्क्रीनवर बघा. लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मध्यावर आलं की कॅमेरा सरळ. नंतर जिम्प या फुकट सॉफ्टवेअरमध्ये काळ्याचं पांढरं करा, आणि डावं-उजवं बरोबर आहे ना तेही बघा. माझ्या पहिल्या वीस फ्रेममध्ये आजीचा पदर उजव्या खांद्यावर होता. आई म्हणाली, "असा पदर तं तिनं जल्मात घेतला नाही." सगळ्या फ्रेम आरशासारख्या फिरल्या होत्या.

मोबाइल फक्त यादी करण्यापुरता. दुसऱ्या फोनच्या स्क्रीनवर निगेटिव्ह ठेवाल तर स्क्रीनचे ठिपकेच फोटोत येतात. निगेटिव्ह आत सरकवून स्कॅन करणारी, छोट्या पडद्याची स्वस्त डबीही बहुतेक 35 मिमीच घेते आणि जेपेग देते. मी तिच्या वाटेला गेलो नाही.

प्रिंटसाठी मी तालुक्याच्या लॅबला कौल देतो. घरच्या टँक प्रिंटरमध्ये रंगीत शाई मिसळून करडा होतो, तो ट्यूबलाइटखाली हिरवट आणि उन्हात गुलाबी दिसू शकतो. महिनाभर वापरला नाही की उन्हाळ्यात नोझल सुकतात. नुसत्या काळ्या शाईने मॅट कागदावर काढली तर रंगाची छटा येत नाही, पण ठिपके दिसतात. लॅबही रंगीत कागदावरच छापते, तिथेही छटा येऊ शकते. म्हणून मी फाइललाच हलका तपकिरी रंग देऊन पाठवतो. थोडं इकडे-तिकडे झालं तरी मग खटकत नाही. प्रिंट काळी येत असेल तर दोष बहुधा तुमच्या स्क्रीनचा: ब्राइटनेस निम्म्यावर आणून फाइल पुन्हा बघा. आणि मोठी प्रिंट सांगण्याआधी चेहऱ्याचा तुकडा, मोठ्या प्रिंटमध्ये येईल तेवढाच मोठा, कमी-जास्त अशा तीन उजळपणांत एका 4×6 वर छापून घ्या.