कुरकुरीतपणाच्या आड विकलेला शिळा माल

साठवणीसाठी म्हणून गाजर, बीट आणि भेंडीचे तळलेले चिप्स मी एका ऑनलाइन विक्रेत्याकडून बरेच मागवले. माल नुकताच तयार केलेला असून तो खवट होऊ नये म्हणून पाकिटात हवेऐवजी नायट्रोजन भरला आहे, असे वर्णनात लिहिले होते. आलेले चिप्स कुरकुरीत होते, मात्र तोंडात जुन्या तेलाची खवट चव रेंगाळत होती. तक्रार केली तेव्हा ‘तुमचा डबा नीट लागत नसेल, ओल गेली असेल,’ असे उत्तर मिळाले.

या उत्तराला भुलू नये, कारण ही सगळी फसवणूक त्याच्याच आधारावर चालते. ओल लागली की चिप्स सादळतात. खवटपणा मात्र तेलावर हवेतील ऑक्सिजनची क्रिया होऊन येतो, आणि उजेड व उष्णता यांमुळे तो लवकर येतो. माझे चिप्स जराही मऊ पडले नव्हते, मग दोष ओलीचा कसा? खात्रीसाठी हात न लावलेले एक पाकीट कापले, तर त्यालाही तोच वास होता.

मग पाकीट बारकाईने पाहिले. प्लॅस्टिक पातळ आणि पारदर्शक होते, म्हणजे उजेड अडवण्याची सोयच नव्हती. तारखेचे लेबल नखाने उचकटल्यावर खाली आधीची, बरीच जुनी तारीख छापलेली दिसली. गाजराचा केशरी रंग फिकट पिवळट झाला होता. हा रंग ज्या कॅरोटीनमुळे असतो, तेही ऑक्सिजन आणि उजेडामुळे नाश पावते. सिलिका जेलच्या पुडीतले केशरी दाणे हिरवे झाले होते, म्हणजे त्यांनी आधीच भरपूर ओल शोषली होती. इतकी ओल असलेल्या पाकिटातले चिप्स कुरकुरीत कसे, याचा एकच उलगडा मला पटतो: सादळलेला जुना माल पुन्हा गरम करून, जुनीच पुडी घालून भरलेला असावा. मंद आचेवर पाणी उडून जाते आणि कुरकुरीतपणा परत येतो, परंतु एकदा खवटलेले तेल कशानेही पूर्ववत होत नाही.

म्हणून माल घेताना नुसत्या कुरकुरीतपणावर जाऊ नये, वास घ्यावा आणि लेबलखाली लेबल आहे का ते पाहावे. चांगला माल घरी लहान, हवाबंद डब्यांत काठोकाठ भरून अंधाऱ्या, थंड जागी ठेवावा. अर्धा रिकामा मोठा डबा म्हणजे आत कोंडलेली हवाच. फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडला तर चिप्सवर दव धरते. पाकिटे फोडण्यापूर्वी छायाचित्रे काढावीत आणि तक्रार मिटेपर्यंत एक पाकीट सीलबंद ठेवावे.

दोन्ही तारखांची छायाचित्रे पाठवल्यावर मला पैसे परत मिळाले. तो माल मात्र त्याच वर्णनासह अजूनही विक्रीला आहे.