पिवळा की निळा? स्किनर्स हॉर्स आणि पूना हॉर्सचा अधिकारी रंगवण्याआधी

ब्रिटिश हिंदुस्थानी सैन्यातला घोडदळाचा अधिकारी, साल साधारण १९०५, पोशाख समारंभाचा. छोटा पुतळा रंगवायला घेणाऱ्यांची गाडी बहुधा या दोन रिसाल्यांपाशी येऊन अडते.

स्किनर्स हॉर्स म्हणजे पिवळाधमक कुर्ता आणि त्यावर काळी कॉलर. जेम्स स्किनर आधी दौलतराव शिंद्यांच्या कवायती फौजेत होता. १८०३च्या इंग्रज-मराठा युद्धात तिथून बाहेर पडला आणि कंपनीसाठी स्वार उभे केले. शंभर वर्षं उलटली तरी पिवळा सुटला नाही. त्याचं कारण शिलेदारीत आहे. शब्द आपल्या ओळखीचाच: घोडा सरकारी पागेचा तो बारगीर, स्वतःचा घोडा घेऊन येतो तो शिलेदार. इंग्रजांनी नावासकट ती पद्धत उचलली. कपडे रिसाल्यानेच करून घ्यायचे, म्हणून प्रत्येकाची हौस वेगळी टिकली. पिवळा दिसायला देखणाच, पण ब्रश धरणाऱ्याची परीक्षा बघतो. काळ्या अस्तरावर, म्हणजे रंगाआधीच्या पहिल्या थरावर, थेट दिलात तर पिवळा हिरवट दिसतो. आधी फिकट तपकिरी थर, मग पातळ तीन हात.

पूना हॉर्सचा पोशाख गडद निळा, कॉलर आणि कफ निळसर राखाडी. १८१७च्या पुणे तहाने पेशव्यांच्या गळ्यात जी खर्चिक फौज मारली, तिच्यातून हा रिसाला निघाला. आणि १ जानेवारी १८१८ला कोरेगावात तो पेशव्यांच्याच फौजेसमोर उभा होता! मला मात्र या रिसाल्याचं निशाण जास्त भावतं. १८५७ साली इराणात खुशाबच्या लढाईत मिळालेलं, वर चांदीचा पंजा. मोहरमचे पंजे पाहिलेल्याला ते लगेच ओळखीचं वाटेल. निळा एका हातात बसतो, फक्त त्याचा काळा होऊ देऊ नका. घड्यांच्या कडांवर फिकट निळी रेघ हवीच.

खाकीचा विचार करत असाल तर सोडा. लढाईच्या खाकीत दोघे सारखेच.

रंगापेक्षा मोठा निर्णय वेगळाच आहे: गोरा अधिकारी की रिसालदार, म्हणजे हिंदुस्थानी अधिकारी? गोऱ्याकडे कुर्ता-फेटा आणि युरोपीय कोट-हेल्मेट असे दोन्ही थाट होते. कुर्त्यात तो आणि रिसालदार जवळजवळ सारखे दिसतात, पण वीस वर्षं नोकरी झालेला रिसालदारही कालच आलेल्या गोऱ्या लेफ्टनंटच्या हाताखालीच. पिकलेली दाढी आणि छातीवर पदकांची रांग रंगवायला मिळते ती रिसालदाराच्याच चेहऱ्यावर, त्याच्याच अंगावर.

पहिलाच पुतळा असेल तर पूना हॉर्सचा रिसालदार घ्या. खांद्यावरची तलवारीचा वार अडवणारी साखळी शेवटी करा: काळ्यावर कोरड्या ब्रशने चांदी, दोनच फटके.