कातलेल्या वाडग्याला चपडा लावावा की जवसाचे तेल?

लेथवर, म्हणजे लाकूड फिरवून कातण्याच्या यंत्रावर, लाकडी वाडगा कातून झाला की कोणते पॉलिश करावे हा प्रश्न पडतो. वास्तविक त्याआधी वाडग्यात काय ठेवायचे, हे ठरायला हवे. नाशिकच्या घरात तो बहुधा चिवड्यासाठी तरी लागतो, नाहीतर धुतलेल्या, अजून पाणी निथळत असलेल्या द्राक्षांसाठी. चिवड्याच्या वाडग्याला चपडा लाखेचे पॉलिश शोभते, द्राक्षांच्या वाडग्याला मात्र जवसाचे तेलच द्यावे, असे माझे मत आहे.

दोहोंतील फरक घासणीपासूनच सुरू होतो. ज्या वाडग्यात लाकडाचे तंतू आडवे जातात, त्यात समोरासमोरच्या दोन बाजूंना तंतूंची टोके पृष्ठभागावर येतात, आणि लाकूड ओरबाडले जाते ते नेमके तिथेच. त्या जागा 80 किंवा 120 नंबरच्या पॉलिश पेपरने (नंबर जितका मोठा, तितका पेपर बारीक) पूर्ण साफ झाल्याशिवाय पुढच्या नंबरावर जाऊ नये, कारण 320चा पेपर 120चे ओरखडे काढत नाही, केवळ त्यांच्या कडा चमकवतो. चपड्याखाली तर एकही ओरखडा लपत नाही. म्हणून 120, 180, 240, 320 आणि 400 असा क्रम न चुकवता करावा, आणि प्रत्येक नंबरानंतर लेथ थांबवून तंतूंच्या दिशेने हाताने घासावे, म्हणजे गोलाकार रेषा निघून जातात. तेलासाठी 320पर्यंतची घासणी पुरते.

घासताना बोटाला पेपर गरम लागू लागला, की दाब कमी करावा. शिसवासारख्या कठीण लाकडात या उष्णतेने केसासारख्या बारीक भेगा पडतात आणि त्या नंतर कशानेही बुजत नाहीत. वीस सेंटिमीटरच्या वाडग्याला मिनिटाला 300 ते 500 फेरे पुरेसे आहेत.

तेलाचा मार्ग निवडल्यास शेवटचा पेपर तेलात भिजवून घासता येतो. त्यातून तयार होणारा लगदा सागाची छिद्रे भरतो आणि धूळ उडत नाही. हा लाभ मला मोठा वाटतो, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरवली आहे; कोरडी घासणी करणाऱ्याने मास्क घातलाच पाहिजे. मात्र आंब्याच्या फिकट लाकडात काळ्या शिरा असतील, तर तोच लगदा शिरांचा रंग फिकट भागात पसरवतो. तिथे कोरडी घासणीच बरी.

चपड्याचे बळ त्याच्या वेगात आहे. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचा पातळ हात काही मिनिटांत सुकतो आणि वाडगा त्याच दिवशी तयार होतो. फिरत्या वाडग्यावर तो लावताना बोटाला फडके गुंडाळू नये. अडकले तर सहज फाटेल असा टिश्यू पेपर वापरावा. मात्र ओली द्राक्षे तासभर राहिली तर चपड्यावर पांढरा डाग उमटतो आणि गरम भाजीने चपडा मऊ पडतो. एका श्रावणात, बाहेर संततधार असताना, मी आंब्याच्या वाडग्याला चपडा दिला आणि पाहता पाहता त्यावर दुधाळ साय धरली. कोरड्या दिवशी स्पिरिटचा हलका हात फिरवल्यावर ती गेली. तेव्हापासून पावसाळ्यात मी चपड्याची बाटली उघडत नाही.

जवसाच्या तेलाला धीर लागतो. पातळ हात द्यावा, पंधरा मिनिटांनी उरलेले तेल कोरडे पुसावे आणि आधीचा हात सुकल्यावरच पुढचा द्यावा. कच्च्या तेलाला त्यासाठी आठवडा किंवा अधिक काळही लागतो. रंगाच्या दुकानातील डबल बॉइल्ड तेल लवकर सुकते, परंतु त्यात धातूंची संयुगे मिसळलेली असतात, म्हणून खाण्याच्या वाडग्याला घाण्याचे कच्चे तेल घ्यावे. शेंगदाण्याचे किंवा खोबरेल तेल वापरू नये. ते सुकत नाही आणि पुढे खवट होते. झिजलेल्या वाडग्याला पुन्हा एक हात दिला की काम भागते, तर पीयूचा (पॉलियुरेथेन या प्लास्टिकसारख्या लेपाचा) थर एकदा उडाला की सगळा घासून काढावा लागतो.

तेलाने भिजलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल सुकताना उष्णता निर्माण होते आणि अशी फडकी आपोआप पेटतात. ती बाहेर एकेक पसरून पूर्ण वाळवावीत, किंवा पाण्यात बुडवून ठेवावीत.