लेकीची हिप्पोथेरपी: दिवाळी ते श्रावण

आमची लेक सहा वर्षांची. सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूला इजा झाल्याने स्नायूंवर नीट ताबा नाही; उभं केलं की दोन्ही पाय आवळून एकमेकांवर चढतात. दिवाळीनंतर साताऱ्याजवळच्या एका तबेल्यात हिप्पोथेरपी, म्हणजे घोड्यावर बसवून करायचा उपचार, सुरू केली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "त्याला पैसे कशाला? पाचगणीला टेबललँडवर फिरवून आणा की!"

टेबललँडला पोर घोड्यावर बसतं, फोटो निघतो, संपलं. इथं सगळं फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली. चालताना घोड्याची पाठ पुढे-मागे, वर-खाली, डावी-उजवी हलते, आणि माणूस चालताना कंबरही साधारण तशीच हलते. म्हणजे जिला चालता येत नाही तिच्या कमरेला चालण्याचा सराव. मिनिटाला शंभरेक पावलं, दर पावलाला तोल सावरायचा.

खोगीर नाही, जाड गादी आणि पट्टा. डोक्याला हेल्मेट. एक जण घोडा धरतो, दोघं दोन बाजूंनी चालतात. घोड्याचं अंग आपल्यापेक्षा जरा गरम, ३८ अंशांच्या आसपास. त्या उबेने म्हणा, हलण्याने म्हणा, करकचून आवळलेल्या मांड्या थोड्या वेळात सैल पडतात. मी हात लावून बघितलंय. मग थेरपिस्ट मधेच घोडा थांबवते, परत चालवते, आणि त्या हिसक्याला लेक आपली आपण पाठ ताठ करते.

फरक? आता ती टेकू न घेता पाटावर बसून एका हाताने वरणभात खाते. आधी दुसरा हात जमिनीला टेकलेला लागायचा. चालायला मात्र लागलेली नाही, बोलण्यातही काही फरक नाही. फिजिओ आणि घरचं स्ट्रेचिंग चालूच आहे. पावसात तबेला बंद राहिला तर पाय पुन्हा आखडले.

थेरपिस्टने डेन्मार्कच्या लिस हार्टेलची गोष्ट सांगितली. पोलिओने गुडघ्याखालचं बळ गेलेलं, तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत रौप्यपदक. गोष्ट खरी, पण बाई आजाराआधीपासून पट्टीची घोडेस्वार होती, हेही आईबापांना सांगावं ना!

सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचाराच. आमच्या लेकीच्या खुब्याचा एक्स-रे काढायला लावला होता. फिट आटोक्यात नसतील तर घोड्यावर बसवत नाहीत. डाउन सिंड्रोमच्या मुलांची मान आधी तपासून घ्यावी लागते, वरच्या दोन मणक्यांत सैलपणा असू शकतो.

अर्ध्या तासाचे ७०० रुपये. आमच्याकडून तीन महिन्यांचे आगाऊ घेतले आणि पावसात बुडालेले वार भरून द्यायला अजून टाळाटाळ चालू आहे. जूनपासून पुढचे पैसे महिन्याच्या महिन्यालाच द्या.